त्रोंगदालचा कारकून

मैत्रेयी आणि प्रीतम कोक्विटलामच्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला आले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकाशी आपला संबंध कचऱ्याचे डबे आणि लाँड्रीची पाळी यांपलीकडे जाईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. हाल्वर त्रोंगन हे नव्वद वर्षांचे गृहस्थ. उंच, वाकलेले, एकटे. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगी कॅल्गरीत. चाळीस वर्षं लाकूडगिरणीत काढल्यामुळे त्यांना ऐकू थोडं कमी यायचं, पण डोकं अगदी शाबूत होतं. पहिले सहा महिने ते मैत्रेयीशी हवामानाखेरीज काही बोलले नाहीत.

जूनमध्ये मैत्रेयीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ती नागपूरची, डेटा अ‍ॅनालिस्ट. पुढचं काम मिळेना, आणि चौथा महिना लागल्यावर तिनं शोधणंही सैल सोडलं. एक दिवस चुकून खाली आलेलं पार्सल द्यायला ती वर गेली, तर हाल्वर दारातच म्हणाले, "तू दिवसभर टाइप करत असायचीस. खालून आवाज यायचा. माझं थोडं काम करशील?"

काम असं होतं. नॉर्वेत त्रोंगदाल नावाचं एक अरुंद खोरं आहे. तिथं पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होती. नगरपालिका म्हटलं तरी गाव असं नव्हतंच. नदीच्या दोन्ही काठांनी विखुरलेली शेतं, एक चर्च, एक शाळा आणि शाळेच्या वरच्या खोलीत कचेरी. १८३८ साली ती स्थापन झाली आणि १९६४ च्या एक जानेवारीला शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन होऊन संपली. तिथली निम्मी माणसं तर त्याआधीच कॅनडा-अमेरिकेत आली होती. त्यांच्या नातवंडांसाठी तिथल्या इतिहास मंडळाला इंग्रजीत एक पुस्तक काढायचं होतं. त्या कचेरीत काम केलेला एकच माणूस आता हयात होता. तो म्हणजे हाल्वर, तिथले शेवटचे कारकून. हात इतके थरथरायचे की त्यांना सहीसुद्धा नीट जमत नव्हती.

"मी सांगेन, तू लिहायचं," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी."

शनिवारी सकाळी प्रीतम असोसिएशनच्या कामाला जायचा. पोरांचे मराठीचे वर्ग, हॉलचं बुकिंग, एप्रिलच्या जयंतीची आतापासूनच तयारी. मैत्रेयी लॅपटॉप घेऊन वर जाऊ लागली. बाहेर पाऊस लागलेला असायचा, समोरच्या देवदारांवरून पाणी निथळत असायचं, आणि आत हाल्वर खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून सांगत असायचे.

ते सांगायचे फार छान. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोऱ्यातून सूर्य जायचा तो फेब्रुवारीपर्यंत यायचाच नाही. तो वर असायचा, पण डोंगर त्याला खाली येऊ द्यायचे नाहीत. १८६८ च्या मार्चमध्ये पश्चिमेच्या उतारावरून बर्फाचा कडा सुटला आणि तीन घरं माणसांसकट नदीत गेली. त्यांतली एक म्हातारी पाचव्या दिवशी जिवंत निघाली आणि पुन्हा कुणाशी म्हणून बोलली नाही. गरिबांची एक पद्धत होती. ज्याला कुणी नाही त्याला वर्षभर या शेतावरून त्या शेतावर फिरवायचं, मोठ्या शेतावर जास्त दिवस, लहान शेतावर कमी. अशी माणसं आपलं गाठोडं घेऊन ठरलेल्या दिवशी पुढच्या दाराशी जाऊन उभी राहायची. पुढं कायद्यानं ते बंद झालं.

"बंद झालं म्हणजे काय झालं?" मैत्रेयीनं एकदा विचारलं.

"म्हणजे त्याचं नाव बदललं," हाल्वर म्हणाले. "हे लिहू नकोस."

हाल्वरचे वडील त्रोंगदालचे शेवटचे अध्यक्ष. हाल्वर अठराव्या वर्षी त्यांच्याच हाताखाली कचेरीत लागले. विलीनीकरणाला लोकांचा किती विरोध होता, मतदानात तीनशे अकरा विरुद्ध चाळीस असा कौल पडूनही वरून हुकूम कसा आला, हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज अजून चढायचा. १९६३ च्या डिसेंबरात कचेरीचं दप्तर ट्रकवर चढवलं तो प्रसंग त्यांनी असा सांगितला: "सात पेट्या. मी स्वतः खिळे ठोकले. संध्याकाळी तिकडे पोचल्या सात, मीच पावती घेतली. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. सव्वाशे वर्षं, सात पेट्या." मैत्रेयीनं जसंच्या तसं लिहून घेतलं.

हाल्वरची ईमेल तीच बघायची. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नॉर्वेहून, तिथल्या अभिलेखागारातून एक ईमेल आली. लिहिणारीनं अगदी नम्रपणे लिहिलं होतं. पुस्तकाची बातमी स्थानिक पेपरात वाचून आयनार नावाचे शहात्तर वर्षांचे गृहस्थ त्यांच्याकडे आले होते. त्यांचा जन्म त्रोंगदालचा, आडनाव बेक्कन. आईला क्षयाच्या इस्पितळात नेलं तेव्हा ते चार वर्षांचे होते, त्यांना दूर शहरात दत्तक दिलं गेलं. मोठी बहीण होती, गुद्रून, अकरा वर्षांची. तिला बालकल्याण मंडळानं खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या एका शेतावर ठेवलं होतं, आणि १९५३ च्या हिवाळ्यात ती वारली, इतकंच त्यांना कळलं होतं. कशानं, ते कधीच कळलं नाही. मंडळाचं १९५१ ते ५५ चं इतिवृत्ताचं पुस्तक दप्तरात सापडत नाही. त्रोंगनसाहेबांना काही आठवतं का?

मैत्रेयीनं ईमेल मोठ्यानं वाचून दाखवली. हाल्वर म्हणाले, "लिही. त्या वेळी दप्तर हलवताना एक पेटी नदीत पडली. तीत ते पुस्तक गेलं असावं. बहिणीबद्दल मला काही माहिती नाही."

तिनं लिहिलं. पण बोटं थांबली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांतले घोळ शोधून काढायचीच तिला सवय.

"पण तुम्ही सात पेट्या म्हणाला होता," ती म्हणाली. "सात निघाल्या, सात पोचल्या."

"तुला टाइप करायला बोलावलंय," हाल्वर म्हणाले. "पाठव ते."

तिनं पाठवलं. त्यानंतरचे दोन शनिवार वरून हाक आली नाही. हाल्वर कचऱ्याचा डबा स्वतःच ओढत रस्त्यापर्यंत न्यायचे, तिच्याकडे न बघता.

तिसऱ्या शनिवारी, चौदा डिसेंबरला, त्यांनी दारावर टकटक केली. चार महिन्यांची गरोदर मैत्रेयी जिना चढून वर गेली तर टेबलावर कॉफी ठेवलेली, दोन कप. तिनं सवयीनं लॅपटॉप उघडला.

"ते पुस्तक मी जाळलं," हाल्वर म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळे मिटले नाहीत, आवाज हलला नाही, जणू ही प्रकरणंही मनात केव्हाच लिहून झाली होती.

गुद्रूनला ज्या शेतावर ठेवलं तो मालक मंडळाचाच सदस्य होता. त्याला गोठ्यात माणूस हवं होतं. सरकारी भाषेत ती पोर त्याच्याकडे 'सांभाळायला' होती. त्या हिवाळ्यात ती एकदा पळून खाली आली होती. हाल्वरच्या वडिलांनी तिला घोड्याच्या गाडीत घालून परत पोचवलं. एकवीस फेब्रुवारीला, शनिवारी, ती पुन्हा आली. चौदा किलोमीटर चालत. कचेरी एकला बंद व्हायची, आणि ती आली तेव्हा एकला दहा कमी होती. वडील घरी गेलेले. कचेरीत हाल्वर एकटेच होते, अठरा वर्षांचे. शेजारच्या खोऱ्यात त्या संध्याकाळी नाच होता, तिकडे जाणारी बस सव्वाला यायची. पुढची सोमवारी.

"ती म्हणाली, मला तिथं परत पाठवू नका. मी म्हणालो, मंडळाची बैठक गुरुवारी आहे, तक्रार असेल तर लेखी दे. तिनं हात पुढे केले. हात फुटले होते, रक्त वाळलेलं होतं. म्हणाली, माझ्यानं लिहवत नाही, तू लिहून घे. लिहून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. मी घड्याळाकडे बघितलं. म्हणालो, सोमवारी ये. आणि कुलूप लावलं."

"मग?"

"बस आली. मी बसलो. ती पायऱ्यांवर उभी होती. बस वळेपर्यंत मला दिसत होती."

पोर परत शेतावर गेलीच नाही. शेतमालकाला वाटलं खाली असेल, खाली कुणाला माहीतच नव्हतं. बुधवारी नदीकाठच्या एका रिकाम्या गवताच्या कोठारामागे ती सापडली. कोठाराला बाहेरून अडसर होता, बर्फानं गोठलेला, तिला तो काढता आला नव्हता. गुरुवारी बैठक झाली. हाल्वरनं आधी वडिलांना सगळं खरं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बस, लिही. त्यांनी सांगितलं ते हाल्वरनं इतिवृत्तात लिहिलं: 'मुलगी आपल्या मर्जीनं शेत सोडून गेली. तिने कचेरीशी संपर्क साधला नव्हता. मंडळाकडून कोणतीही हयगय झालेली नाही.' दहा वर्षांनी दप्तर हलवायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, ते पुस्तक जाऊ देऊ नकोस. शाळेच्या शेगडीत हाल्वरनं ते जाळलं. कातडी बांधणी होती, लवकर जळेना. दोन वर्षांनी ते कॅनडात आले. त्रोंगदालला परत कधी गेले नाहीत, वडिलांच्या मातीलासुद्धा नाही.

मैत्रेयीनं खाली बघितलं. तिची बोटं चालूच होती. सगळं टाइप झालेलं होतं.

"हे आयनारला कळवायला हवं," ती म्हणाली.

"मी गेल्यावर," हाल्वर म्हणाले. "किती दिवस राहिलेत माझे! मी गेल्यावर पाठव. माझी मुलगी, नातवंडं, तिकडे माझ्या बहिणीची मुलं, सगळे वाचणार ते पुस्तक. तोपर्यंत तुझ्याकडे ठेव." कप उचलताना त्यांची कॉफी बशीत सांडली. "तुम्हाला इथं हवं तितकं राहा. बाळ झाल्यावरही. मी काही भाडेकरू बदलणार नाही."

ते धमकी देत नव्हते. पण जिना उतरताना मैत्रेयीला ते धमकीसारखंच लागलं.

प्रीतम आल्यावर तिनं त्याला सांगितलं. तो चप्पल हातात धरून तसाच उभा राहिला.

"अगाई," तो म्हणाला. "अकरा वर्षांची?"

"हं."

"बुढ्याला झोप कशी येत असेल बे." मग जरा वेळानं, "पण तू मधात पडू नको. सत्तर वर्षांची गोष्ट आहे. त्यानं तुला विश्वासानं सांगितलं. उद्या त्याचं डोकं फिरलं न् नोटीस दिली तर? बेबी मेमध्ये ड्यू आहे, मैत्रेयी. दोन बेडरूमची बेसमेंट, स्कायट्रेनला वॉकिंग, कुठं भेटणार आहे आपल्याला?"

"तो भाऊ वाट बघतोय."

"सत्तर वर्षं बघितली त्यानं. अजून थोडी बघंल."

हे प्रीतमला शोभणारं नव्हतं आणि त्यालाही ते कळलं. त्यानं चप्पल ठेवली आणि कुकर लावला. मैत्रेयीला तिचे आबा आठवले. उमरेडकडच्या गावात जमिनीच्या एका नोंदीसाठी तहसिलीत तीन वर्षं खेटे घालणारे, आणि खुर्चीवरच्या माणसानं मान वर न करता 'उद्या या' म्हटलं की 'जी' म्हणून परत फिरणारे. आबांची गोष्ट प्रीतमलाही माहीत होती. त्या संध्याकाळी दोघांनीही आबांचं नाव काढलं नाही.

आणि मैत्रेयीनं काहीच केलं नाही. तिला स्वतःला नंतर याचंच नवल वाटायचं, की काहीही न करणं किती सोपं गेलं. जानेवारीत ती पुन्हा वर जाऊ लागली. हाल्वर शाळेबद्दल सांगायचे, युद्धातल्या पाच वर्षांबद्दल सांगायचे, नदीवरच्या पहिल्या पुलाबद्दल सांगायचे. ती लिहायची. चौदा डिसेंबरची फाइल तिच्या लॅपटॉपवर वेगळी पडून होती. दोघंही तिच्या बाजूनं वळसा घालून चालायचे.

तीन फेब्रुवारीला, सोमवारी, अभिलेखागाराची दुसरी ईमेल आली. आयनार यांना इस्पितळात ठेवलं आहे. हृदय फार थकलं आहे. त्यांची मुलगी सिग्रिद विचारते आहे की त्रोंगनसाहेबांना काहीही, अगदी लहानसंही, आठवत असेल तर कृपया कळवावं. वडील रोज विचारतात, उत्तर आलं का.

मैत्रेयीनं ती वाचली. त्या दिवशी तिची स्कॅनची अपॉइंटमेंट होती. तिथं त्यांनी सांगितलं, मुलगी आहे, सगळं ठीक आहे. घरी आल्यावर दोन्हीकडच्या आयांना फोन झाले. नागपूरहून आई म्हणाली, जास्त जिने चढू नको. उद्या वर जाऊन सांगू, असं मैत्रेयीनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. प्रीतम ड्राइव्हवे शोव्हल करून कामावर गेला. हाल्वरना सर्दी झाली होती, आजारी माणसाला कशाला, असं तिनं स्वतःला समजावलं. शनिवारी ती वर गेली आणि पुलाचं प्रकरण पूर्ण केलं. ईमेलबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर हाल्वर म्हणाले, "बाळासाठी लाँड्रीजवळची ती खोलीही वापरा, मी रिकामी करून देतो." तिनं थँक यू म्हटलं आणि खाली आली.

बुधवारी, बारा तारखेला सकाळी, भांडी घासता घासता तिनं दिवस मोजले आणि नळ बंद केला. तिनं हात पुसले, लॅपटॉप उचलला आणि आईनं नको म्हटलेला जिना चढून वर गेली. ईमेल वाचून दाखवली. तारीखही वाचली.

"नऊ दिवस झाले याला," हाल्वर म्हणाले.

"हो."

"तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. ओळख पटल्यासारखं, आणि तिला तेच सोसवेना.

"पाठव," ते म्हणाले. "सगळं. जसं बोललो तसं. माझ्या नावानं."

तिनं चौदा डिसेंबरची फाइल जोडली आणि बटण दाबलं. हाल्वर उठले, बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळ चालू होता.

शुक्रवारी उत्तर आलं. आयनार बेक्कन मंगळवारी पहाटे वारले होते. ईमेल पोचली तेव्हा त्यांना जाऊन एक दिवस झाला होता. त्यांची मुलगी सिग्रिद हिने सर्व वाचले आहे, तिला त्रोंगनसाहेबांशी आणि ज्यांनी हे लिहून घेतले त्यांच्याशी फोनवर बोलायचे आहे.

फोन पुढच्या रविवारी सकाळी ठरला. प्रीतम म्हणाला, मी येऊ का वर? मैत्रेयी नको म्हणाली. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. हाल्वरनी दाढी केली होती, दोन ठिकाणी कापलं होतं. कोट घातला होता. मुलीला कॅल्गरीला त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून सगळं सांगितलं होतं. ती काय म्हणाली ते मैत्रेयीला कधीच कळलं नाही. समोर एक कागद होता, त्यावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत नॉर्वेजियनमध्ये काहीतरी लिहिलेलं.

फोन वाजला. मैत्रेयीनं स्पीकर लावला. हाल्वरनी कागद उचलून वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात पलीकडून बाईनं थांबवलं.

"इंग्रजीत बोलू या," सिग्रिद म्हणाली. आवाज थकलेला होता, पण स्पष्ट. "तिलाही कळू दे. आणि माफीचं वाचू नका. मी सगळं वाचलंय. मला तुम्हाला एक विचारायचंय आणि तिला एक."

"विचार," हाल्वर म्हणाले.

"माझ्या बाबांकडे गुद्रूनचा एकही फोटो नव्हता. तिला शेवटचं नीट बघितलेले तुम्हीच. त्या दिवशी तिच्या अंगावर काय होतं?"

हाल्वरनी कागद खाली ठेवला.

"पुरुषाचं जाकीट," ते म्हणाले. "करड्या रंगाचं. बाह्या दुमडलेल्या, तरी हात झाकले जात होते. हात दाखवायला तिला त्या वर कराव्या लागल्या. डोक्याला निळा रुमाल. बुटांवरून मोजे चढवले होते, बर्फात घसरू नये म्हणून. एक मोजा पांढरा, एक तपकिरी. केस फिकट होते, कपाळावर ओले चिकटलेले. पुढचा एक दात थोडासा तुटलेला. ती रडत नव्हती. लोक समजतात रडली असेल. नाही रडली."

पलीकडे कुणीतरी लिहून घेत असावं. कागदावर पेन चालल्यासारखा आवाज येत होता.

"ठीक," सिग्रिद म्हणाली. "आता तिला विचारते. आमची दुसरी ईमेल तीन तारखेला गेली होती. तुम्ही उत्तर बारा तारखेला पाठवलं. मधे काय झालं?"

मैत्रेयीच्या पोटात बाळ फिरलं. तिनं बोलायच्या आतच हाल्वर पुढे झुकले.

"मी आजारी होतो," ते घाईघाईनं म्हणाले. "सर्दी, ताप. मी ईमेल बघितलीच नव्हती. तिचा काही दोष नाही. ती मला..."

"नाही," मैत्रेयी म्हणाली.

हाल्वरनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण बोलायचीही थांबली नाही.

"ते खरं नाही. मी तीन तारखेलाच वाचली. दुपारी बाराच्या आधी. त्यांना सांगितलं नाही. मी त्यांच्या घरात राहते, मला मूल होणार आहे. घर जाईल अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीसुद्धा रोज नव्हती. काही दिवस मी नुसतंच उद्यावर टाकलं."

"बाबा अकराला गेले," सिग्रिद म्हणाली.

"मला माहीत आहे."

"दहा तारखेला संध्याकाळपर्यंत ते शुद्धीवर होते."

हाल्वरनी डोळे मिटले.

"खरं सांगितलंत," सिग्रिद म्हणाली. "त्याचा मला आज काही उपयोग नाही. पण सांगितलंत." आणि तिनं फोन ठेवला.

खालून प्रीतमनं दोनदा हाक मारली. शेवटी मैत्रेयी उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. चौदा डिसेंबरची फाइल तिनं पुस्तकाला जोडली, गुद्रूनचं प्रकरण म्हणून. हाल्वरनी सांगितलेला पोशाख तिनं त्यात घातला, एकेक मोजा त्याच्या रंगासकट. मग शेवटी एक परिच्छेद लिहायला घेतला: पहिली चौकशी कधी आली, तिला कोणतं खोटं उत्तर गेलं, दुसरी कधी आली, ती कुणी वाचली आणि किती दिवस ठेवली, आयनार बेक्कन कधी वारले.

हाल्वर तिच्या खांद्यावरून वाचत होते. "हे त्रोंगदालच्या इतिहासात कुठं बसतं?" ते म्हणाले. "त्रोंगदाल तर चौसष्टलाच संपलं."

"बसतं," मैत्रेयी म्हणाली.

त्यांनी वाद घातला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि स्पेलिंग तपासू लागले. बेक्कनमध्ये दोन के, ते म्हणाले, तू एकच लिहिलायस. तिनं दुसरा घातला. मग तिनं आपलं संपूर्ण नाव टाइप केलं, मैत्रेयी प्रीतम वासनिक, आणि तेही बरोबर लिहिलंय ना, हे एकदा स्वतःच वाचून बघितलं.